दुपारची डाळ

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कंपनीचं पोस्टिंग जम्मूकडच्या डोंगरात झालं. काम एकच होतं. चौदा किलोमीटरचा रस्ता रोज सकाळी तपासून मोकळा करायचा, मग त्यावरून कॉन्व्हॉय, म्हणजे फौजेच्या गाड्यांचा ताफा, जायचा. बेसवर आम्ही साठ-पासष्ट माणसं होतो. मी नायक भटू पाटील, ट्रेड कुक. गाव अमळनेरपासून बारा किलोमीटर.

फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. माझा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. साडेचारला चहा, पाचला पुरी-भाजी, साडेपाचला रोड ओपनिंग पार्टीचं फॉल-इन. पार्टीत बारा जण. पुढे माइन डिटेक्टर, दोन्ही अंगांना फ्लँक. ते गेटबाहेर पडले की मी परत चुलीकडे. दहाला डाळ चढवायची, साडेबाराला जेवण. चारला पुन्हा डाळ, साडेसहाला जेवण. यात कधी बदल नसायचा.

डाळ दिवसातून दोन वेळा, आणि खाणारे नऊ राज्यांचे. रेशनमध्ये तूर, मसूर, मूग, हरभरा, उडीद आळीपाळीने यायचे. पण प्रत्येकाच्या लेखी डाळ एकच, त्याच्या आईच्या हातची. बाकी सगळं पिवळं पाणी. पंजाबचा हवालदार सांगायचा, काळे उडीद रात्रभर तंदूरच्या विझत्या निखाऱ्यांवर राहिले पाहिजेत, तेव्हा सकाळी ते आपोआप लोण्यासारखे होतात. बिहारच्या पोरांना हरभऱ्याची डाळ दुधी घालून लागायची. बंगालचा सिग्नलवाला मूग आधी कोरडे भाजायला लावायचा, त्यात चिमूटभर साखर आणि खोबऱ्याचे काप. तेलंगणाचा एक जण अंबाडीचा पाला घालून डाळ शिजवायचं वर्णन करायचा, तेव्हा मी त्याला म्हणालो, ही तर आमच्या घरची भाजी. गढवालचा सिपाही नेगी कुळथाला गहत म्हणायचा. त्याच्या गावात पायऱ्यांची शेतं, जमीन दगडगोट्यांची, तिथं दुसरं फारसं उगवत नाही. थंडीत तीच डाळ अंग गरम ठेवते, असं तो सांगायचा. आमचे जेसीओ नायब सुभेदार सेल्वम साहेब मदुराईकडचे. त्यांना चिंच नसली की जेवणच वाटायचं नाही.

मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं. मेजर साहेबांनी ती वही बघितली आणि ऑर्डर दिली की दर रविवारी एका राज्याची डाळ. त्यानंतर पोरं रविवारची वाट बघायला लागली. मला लंगरबाहेर कोणी नाव घेऊन हाक मारत नसे, ते आता मारायला लागले. मला ते आवडायचं. हेही लिहिलं पाहिजे.

खान्देशचे आम्ही दोघंच. दुसरा लान्स नायक सिकंदर तडवी. सातपुड्याच्या पायथ्याचा, फैजपूरजवळच्या गावचा. वडील दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत कामाला जायचे, ते लवकर गेले. आईने वाढवला. जिल्हा एक, पण बोली वेगळी. मी 'शे' म्हणायचो, तो 'हाये' म्हणायचा. मात्र ळ दोघांच्याही जिभेवर येत नाही. डाळीला दोघंही 'दाय' म्हणायचो आणि बाकीचे हसायचे.

खान्देशचा रविवार आला तेव्हा आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, उडदाची डाळ, लसूण-मिरचीची फोडणी आणि भाकरी. आमच्याकडे ज्वारीत उडीद मिसळून दळतात, त्या पिठाची कळण्याची भाकरी. सिकंदरचं म्हणणं, वरण-बट्टीशिवाय खान्देश नाही.

"भाकरी त रोज खातो माणूस. पाहुना आला का बट्टी करतेत," तो म्हणाला.

"आठे पाहुणा कोन शे?"

"समदे पाहुनेच हायेत इथं. कोन राह्याले आलं?"

त्याने स्वतः जाडसर कणीक मळली, त्यात ओवा आणि हळद घातली, गोळे वाफवले, कापले आणि तुपात तळले. मी तुरीचं वरण घोटलं. त्या दिवशी पातेल्यात काही उरलं नाही. नेगी म्हणाला, पुढचे दोन रविवार खान्देशचेच ठेवा.

आता त्या दिवसाचं सांगतो.

तोही रविवारच होता. सकाळी दहाला मी साठ माणसांची तुरीची डाळ चढवली. अकराला एक प्लाटून अचानक सर्चला गेली. बावीस माणसं. डाळ शिजायची होती, म्हणून त्यांनी सकाळची पुरी-भाजीच बांधून नेली. त्यामुळे दुपारी एक तृतीयांश डाळ उरली. नियम असा की उरलेलं अन्न खड्ड्यात टाकायचं आणि माती लोटायची. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि बाजूला सारलं. नंतर टाकू म्हणालो.

दोन वाजता उरलेल्या प्लाटूनांमध्ये व्हॉलीबॉलची मॅच होती. माझी सर्व्हिस चांगली होती, मला बोलावलं. मी गेलो. एक मॅच संपली, दुसरी लागली. लंगरमध्ये परत आलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. संध्याकाळच्या मेन्यूवर उडीद-चणा होता. तो शिजायला दोन तास लागतात. जेवण साडेसहाला.

मी दुपारच्या पातेल्याचं झाकण काढलं. जुलैची दमट हवा. वर बारीक फेस आला होता. वास घेतला. डाळ विटायला लागली होती. अठरा वर्षं ज्याने डाळच शिजवली, त्याला तो वास चुकत नाही.

तेव्हा मला सेल्वम साहेबांचं सांबार आठवलं. चिंच, गूळ, हिंग, कढीपत्ता, भरपूर कांदा. आंबट डाळीत आंबटपणा लपतो. मी थोडी नवी डाळ कुकरला लावली, दुपारच्या डाळीत मिसळली आणि वरून हे सगळं ओतलं. खळखळून उकळलं. उकळलं की सगळं मरतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पोरांकडून शिकलेलं मी पोरांविरुद्ध वापरलं. त्या वेळी असं काही मनात आलं नाही. साडेसहा वाजायला आले आहेत, एवढंच मनात होतं.

जेवणाआधी ड्युटी जेसीओ अन्न चाखून बघतात. त्या दिवशी सेल्वम साहेबच ड्युटीवर होते. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पाटील, आज घर की याद आ गई," ते म्हणाले. त्यांनी दोनदा घेतलं.

सिकंदर रांगेत थाळी घेऊन आला. त्याने वाकून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात आपल्या बोलीत विचारलं, "हे दुपारची दाय हाये ना, भाऊ?"

"चूप. तुले खावानी नही त नको खाऊ."

त्याने थाळी मागे घेतली. दोन रोट्या, एक कांदा आणि हिरवी मिरची घेऊन तो बाहेर जाऊन बसला. कोणाला काही बोलला नाही. गाववाला होता म्हणून बोलला नाही.

मीही ती डाळ खाल्ली नाही. चहा-रोटी खाल्ली.

पहाटे तीनपासून पोरं उठायला लागली. उलट्या आणि जुलाब. चारपर्यंत सतरा जण पडले. सेल्वम साहेब त्यांत होते. नर्सिंग असिस्टंट सलाईन लावत फिरत होता. कंपनी हवालदार मेजर यादी घेऊन लंगरसमोर उभे राहिले. रोड ओपनिंग पार्टीतले पाच जण उठू शकत नव्हते. रस्ता बंद ठेवता येत नव्हता, कॉन्व्हॉय खालून निघणार होता.

"पाँच आदमी चाहिए," ते म्हणाले.

चार मिळाले. पाचवा सिकंदर उभा राहिला. त्याची त्या दिवसापासून सुट्टी मंजूर होती. बॅग बांधून तयार होती. खाली जाणारी गाडी दहा वाजता होती. सव्वा वर्षाची मुलगी होती त्याला. तो मागच्या वेळी घरी गेला तेव्हा ती पाळण्यात होती, आता चालायला लागली होती.

"तेरी तो छुट्टी है," हवालदार मेजर म्हणाले.

"दस बजे तक आ जाऊँगा, साब."

तो पुऱ्या घ्यायला लंगरमध्ये आला. उभ्यानेच खाल्ल्या. जाताना म्हणाला, "मी जातो तुह्या वाटचं. पन तू डॉक्टरले खरं सांगजो. त्याले समजलं पायजे कायनं झालं ते. पोरं मरतीन नाही त."

मी मान हलवली.

पाच पस्तीसला पार्टी गेटबाहेर पडली. सहा वाजता ब्रिगेडकडून मेडिकल ऑफिसर आले. कॅप्टन, वयाने लहान. त्यांनी मला विचारलं, "रात की दाल कब बनी थी?"

"शाम को, साब. ताजी थी."

त्यांनी लिहून घेतलं आणि पाण्याच्या टाकीकडे गेले.

सिग्नलचा सेट लंगरच्या शेजारच्या खोलीत होता. भिंत पत्र्याची, सगळं ऐकू यायचं. सात वाजून बारा मिनिटांनी सेटवर पार्टीचा आवाज आला.

"टायगर फॉर अल्फा. कॉन्टॅक्ट. मक्के के खेत से फायर. ओवर."

बाहेर डोंगरात टाळ्या वाजाव्यात तसा लांबून आवाज येत होता. तीन-चार मिनिटं. मग थांबला.

"अल्फा फॉर टायगर. कॅज्युअल्टी बताओ. ओवर."

"एक. सीरियस. लास्ट थ्री चार, सात, दो. ओवर."

रेडिओवर नाव घेत नाहीत, आर्मी नंबरचे शेवटचे तीन आकडे सांगतात. आमच्याकडे प्रत्येकाच्या थाळीवर खिळ्याने तेच आकडे कोरलेले असतात, अदलाबदल होऊ नये म्हणून. थाळ्या धुऊन माझ्यासमोर रॅकवर उभ्या होत्या. मला शोधावं लागलं नाही. ती दुसऱ्या ओळीत होती.

सात एकेचाळीसला सेटवर पुन्हा आवाज आला. सीरियस हा शब्द बदलला होता.

दहाची गाडी वेळेवर आली.

आजारी पडलेले सतरा जण चार दिवसांत बरे झाले. चौकशी झाली. फायरिंगची वेगळी आणि आजाराची वेगळी. आजाराचं कारण पाणी ठरलं. टाकीत औषध टाकायची ड्युटी नेगीची होती. त्याला सात दिवस पिट्टू परेड मिळाली. पाठीवर वजन घेऊन उन्हात पळायचं. तो लंगरसमोरूनच पळायचा. मी त्याला पाणी द्यायचो. तो थँक्यू म्हणायचा.

सिकंदरचं पार्थिव सरकारी इतमामात गेलं. त्याचं सामान, एक लोखंडी पेटी, राहिलं होतं. मी त्याच्या जिल्ह्याचा म्हणून तीन महिन्यांनी पेटी पोहोचवायला मला पाठवलं. भुसावळला उतरलो, एसटीने फैजपूर, पुढे रिक्षा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी. घर दोन खोल्यांचं. त्याची आई आणि बायको नजमा दारात उभ्या होत्या. पेटी मी ओट्यावर ठेवली.

आईने पेटी उघडली नाही. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तू लंगरचा ना? भटू? तुह्यं नाव घ्यायचा तो फोनवर. म्हने, आपल्याकडचाच गडी हाये, उपाशी नाही ठेवत. मंग शेवटचं काय खाल्लं माह्या पोरानं?"

मी वाटेत बरंच काही ठरवून आलो होतो. हा प्रश्न ठरवलेल्यात नव्हता.

"वरण-बट्टी, माय," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले आणि बराच वेळ मान हलवत राहिली. "पोटभर?"

"पोटभर."

पुढच्या जुलैत मला फोन आला. त्या तारखेला माय गावातल्या शाळेच्या पोरांना आणि शेजारपाजाऱ्यांना वरण-बट्टी घालणार होती. सिकंदर जाताना ते खाऊन गेला म्हणून. मीही यावं, असा तिचा निरोप होता. मी सुट्टी काढून गेलो. मौलवी आले, फातेहा झाली, पंगत बसली. मायने लोकांना माझी ओळख करून दिली. म्हणाली, याच्या हातचं खाऊन गेला माहा पोरगा. लोकांनी माझे हात हातात घेतले.

असं नऊ वर्षं झालं. मधे मी हवालदार म्हणून रिटायर झालो. धुळ्यात हायवेजवळ छोटी खानावळ टाकली. त्या वहीतल्या डाळी मी तिथं करतो. पंजाबची, बंगालची, गढवालची, आमची उडदाची, जिला खान्देशात फौजदारी डाळ म्हणतात. ट्रकवाले लांबून येतात, आपल्या गावची डाळ मागतात. सांबार कोणी मागितलं तर मिळत नाही म्हणून सांगतो. दुपारी तीनला जे उरेल ते माझ्या डोळ्यांसमोर टाकलं जातं. बायको म्हणते, गायीला तरी घाला. मी तेही करत नाही.

गेल्या वर्षी मी सांगायचं ठरवलं. पहिला फोन नेगीला केला. तो पौडीकडे गावी असतो. मी पाच मिनिटं बोललो. 

"पानी ठीक था, भटू," शेवटी तो म्हणाला. "मैंने खुद दवा डाली थी. नौ साल सोचता रहा कि शायद कम डाली होगी." मग त्याने फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सिकंदरच्या गावी गेलो. माय दवाखान्यात तपासणीला गेली होती. नजमा वहिनी घरी एकट्याच होत्या. त्या आता शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करतात. मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. डाळ, मॅच, चिंच, सिकंदरने विचारलेला प्रश्न, त्याने सकाळी सांगितलेलं, मी डॉक्टरांना दिलेलं उत्तर. वेळेसकट सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात चालूच राहिले.

"तुमी नऊ वर्सं इथं जेवून गेले," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन मले आज सांगतलं."

"हो."

"कायले सांगतलं? तुमाले हलकं वाटावं म्हनून?"

 ते खरं होतं.

मग त्यांनी विचारलं, "त्या रोजी ते उपाशी गेले का?"

"नाही. रात्री दोन रोट्या, कांदा-मिरची. सकाळी माझ्यासमोर पुऱ्या खाल्ल्या. चहा घेतला."

"पुऱ्या ताज्या होत्या?"

"तव्हाच तयेल व्हत्या," मी म्हणालो. माझी बोली तोंडात आली.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मायले सांगू नका. तिचं समदं त्या वरण-बट्टीवर टिकेल हाये. माह्यं मी पाहून घेईन." आणि आत गेल्या. चहा आला नाही. मी उठलो.

यंदा जुलैत मी जायचं नाही असं ठरवलं होतं. चार दिवस आधी फोन वाजला. नजमा वहिनी होत्या.

"मायचे गुडघे गेले. चुलीजवळ बसवत नाही तिले. ती म्हनते, औंदा भटूनंच करावं. तुमी आले नाही त मी तिले काय सांगू?"

मी आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचलो. सकाळी सहाला चूल पेटवली. नव्वद माणसांची तूरडाळ निवडून, धुऊन चढवली. बट्ट्या वाफवल्या, कापल्या, तळल्या. वांग्याची भाजी घोटली. अकराला वरण तयार झालं. माय ओट्यावर खुर्चीत बसून बघत होती. पोरं अंगणात रांगेने बसली होती. सिकंदरची मुलगी पत्रावळ्या मांडत होती.

मौलवी यायच्या आधी नजमा वहिनी चुलीपाशी आल्या. त्यांनी डाव उचलला, वरण ढवळलं, डाव नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग हातावर थोडं घेऊन चाखलं. मी बाजूला हात मागे बांधून उभा होतो. घाई त्यांनी केली नाही.  त्यांनी डाव पातेल्यात ठेवला.

"वाढा," त्या म्हणाल्या.

फातेहा झाली. मौलवींनी पूर्ण नाव घेतलं, सिकंदर रहिमान तडवी. पोरं जेवायला लागली. दोघं-तिघं पुन्हा बट्टी मागत होते. मायने मला जवळ बोलावलं. तिला आता नीट दिसत नाही. तिने माझा हात धरला.

"माहा सिकंदरबी असाच जेवला असीन, नाही का रे?"

नजमा वहिनी समोरच्या रांगेत वाढत होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांचा हात थांबला नाही.

"हो, माय," मी म्हणालो.